यंत्राचा लाल शेरा : ‘चेकपॅच’ची एक चिकित्सा

संगणकाच्या आज्ञावलीत चूक राहिली म्हणजे काय घडते, याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. ती चूक वेळेवर सापडावी म्हणून लिहिलेल्या आज्ञावलींविषयी मात्र क्वचितच काही वाचायला मिळते. परीक्षेच्या निकालाची चर्चा गावभर होते, तपासनिसाची कोणी करत नाही, त्यातलाच हा प्रकार. या लेखात अशाच एका तपासनिसाची तपासणी करायची आहे. त्याचे नाव ‘चेकपॅच’. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, बदल सुचवायचा असेल तर तो पाठवण्यापूर्वी चेकपॅचकडून तपासून घ्यावा, असे कर्नेलच्या मार्गदर्शक दस्तऐवजांत सांगितलेले आहे. २००७ सालापासून हे साधन कर्नेलबरोबरच मिळते.

याचा आपल्याशी काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. वरूडचा शेतकरी संत्र्याचा भाव पाहायला खिशातून जो फोन काढतो, तो बहुधा अँड्रॉइडचा असतो आणि अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांची यादी दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध होते. नोव्हेंबर २०१७ पासून त्यातील झाडून सगळे लिनक्सवर चालतात. आणि एवढ्या महत्त्वाच्या या गाभ्यात दुरुस्ती सुचवायला पदवी लागत नाही, ओळख लागत नाही, मुलाखत तर नाहीच. ई-मेलचा पत्ता आणि सी भाषेचे चांगले ज्ञान एवढे पुरते. वरूडच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीने पाठवलेली दुरुस्ती आणि एखाद्या बड्या कंपनीच्या अभियंत्याने पाठवलेली दुरुस्ती एकाच रांगेत उभ्या राहतात. त्या विद्यार्थिनीला भेटणारा पहिला परीक्षक माणूस नसून चेकपॅच असतो. तो तिला काय शिकवतो, हे पाहणे शिक्षकांना म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रथम ‘पॅच’ म्हणजे काय ते पाहू. समजा, एका पाठात त्रिकोणाच्या कोनांविषयी चुकीची ओळ छापली गेली. दुरुस्तीसाठी संपूर्ण पाठ पुन्हा लिहून पाठवण्याची गरज नाही. पुढील दोन ओळी पुरेशा आहेत.

− त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १६० अंश असते.
+ त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते.

उणे चिन्हाची ओळ काढायची, अधिक चिन्हाची घालायची. नेमकी जागा कळावी म्हणून आजूबाजूच्या दोन-तीन न बदललेल्या ओळीही सोबत देतात. हाच पॅच, मराठीत त्याला ठिगळ म्हणता येईल, पण त्या शब्दाला दारिद्र्याचा वास येतो, म्हणून पॅचच ठेवू. दोन मजकुरांतला फरक असा काढून देणारी ‘डिफ’ ही आज्ञावली डग्लस मॅकिलरॉय यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात तयार केली. तो फरक मूळ मजकुरावर आपोआप बसवणारी ‘पॅच’ ही आज्ञावली लॅरी वॉल यांची, १९८५ सालची. पुढे १९८७ मध्ये याच वॉल यांनी ‘पर्ल’ ही भाषा निर्माण केली आणि आपला चेकपॅच लिहिला आहे तो पर्लमध्येच.

कर्नेलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक पॅच सामावलेले असतात. नाकारलेले आणि परत पाठवलेले वेगळेच. ते वाचणारी अनुभवी माणसे थोडी. त्यांनी ‘येथे ओळ नीट सोडा’, ‘येथे सही राहिली’ असल्या शेऱ्यांत वेळ घालवायचा म्हणजे दहावीच्या मुख्य नियामकाने उत्तरपत्रिकांचे समास मोजत बसण्यासारखे आहे. हे हलके काम यंत्राने करावे, हा चेकपॅचमागचा विचार. तो योग्यच आहे, आणि पुढे जी टीका करणार आहे ती या विचारावर नाही.

कल्पनाही नवी नव्हती. बेल प्रयोगशाळेतच स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेतील आज्ञावलींतल्या संशयास्पद जागा दाखवणारे ‘लिंट’ हे साधन तयार केले होते. वऱ्हाडात लिंट म्हटले की जिनिंगमधून सरकी वेगळी होऊन निघालेली रुई डोळ्यांपुढे येते. येथे अभिप्रेत आहे ते कपड्याला चिकटणारे बारीक तूस. कापड चांगले आहे, वरचे तूस तेवढे झटकायचे, असा त्या नावाचा भाव.

चेकपॅच एका हाताने लिहिलेला नाही. त्याच्या सुरुवातीला लेखकांची नावे आणि साले दिलेली आहेत : डेव्ह जोन्स २००१, जोएल शॉप २००५, अँडी व्हिटक्रॉफ्ट २००७ पासून, जो पर्चेस २०१० पासून. जोएल शॉप यांच्या नावापुढे कंसात ‘कुरूप भाग’ अशी नोंद आहे. आपल्या कामाविषयी इतक्या मोकळेपणाने लिहिणारे लोक पाठ्यपुस्तक मंडळांवर असते तर बरे झाले असते.

आता हे साधन चालते कसे? आज्ञेच्या ओळीवर त्याचे नाव आणि पॅचच्या फाइलीचे नाव टाइप करायचे. ते पॅच ओळीओळीने वाचते आणि मुख्यतः अधिक चिन्हाच्या, म्हणजे नव्या ओळी ठरावीक साच्यांशी ताडून पाहते. ओळीच्या शेवटी मोकळी जागा आहे का? समास टॅबने सोडला आहे की स्पेसने? महिरपी कंस योग्य ओळीवर आहे का? पॅच पाठवणाऱ्याची सही आहे का? ही सही म्हणजे ‘हा मजकूर देण्याचा मला अधिकार आहे’ असे हमीपत्र असते. २००४ पासून ती कर्नेलमध्ये रूढ झाली. लक्षात घ्यायचे ते असे की चेकपॅचला सी भाषा येत नाही. कंपायलर जसा आज्ञावलीचा अन्वय लावतो तसा तो लावत नाही. ओळीचे रूप पाहून अंदाज बांधतो.

या मर्यादेतही काही गोष्टी फार शहाणपणाने केलेल्या आहेत. उदाहरणार्थ, स्पेलिंगची तपासणी. त्यासाठी पूर्ण शब्दकोश न वापरता नेहमी होणाऱ्या चुका आणि त्यांची शुद्ध रूपे यांची जोड-यादी ठेवली आहे. आपण मराठीत ‘आशिर्वाद’ऐवजी ‘आशीर्वाद’, ‘उज्वल’ऐवजी ‘उज्ज्वल’ अशी यादी वर्गाच्या भिंतीवर लावतो, तशीच. शब्दकोशाशी ताडले असते तर आज्ञावलीतील प्रत्येक आडनावाला आणि संक्षेपाला चूक ठरवले गेले असते. यादीमुळे खोटा आरोप फारसा होत नाही. पण यादीत नसलेली चूक सुटते आणि ‘शिक्षक दीन’ असे लिहिले तर यंत्राला त्यात काहीच वावगे दिसत नाही, कारण ‘दीन’ हाही शुद्धच शब्द आहे.

येथे संत्र्याच्या प्रतवारीचे उदाहरण घेऊ. वरूड, शेंदूरजनाघाट या भागात ज्यांनी प्रतवारीचे यंत्र पाहिले असेल त्यांना ते चटकन पटेल. फळ धुतले जाते, त्याला मेणाचा लेप मिळतो, आणि पट्ट्यावरून जाताना आकारमानाप्रमाणे ते वेगवेगळ्या कप्प्यांत पडते. कोणते फळ गोड, कोणते आतून कोरडे, हे त्या पट्ट्याला कळत नाही. आणि त्याची तक्रारही कोणी करत नाही, कारण कप्प्यावर ‘गोड’ अशी पाटी लावलेली नसते. आकाराच्या कप्प्यावर आकाराचीच पाटी असते. चेकपॅचच्या बाबतीत तक्रार सुरू होते ती या पाट्यांपाशी.

चेकपॅचकडे तीन पाट्या आहेत : ‘एरर’, ‘वॉर्निंग’ आणि ‘चेक’. चूक, इशारा आणि जरा पाहा, असे म्हणू. यातला तिसरा प्रकार एरवी दिसतच नाही. ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय दिला तरच छापला जातो. कर्नेलच्या नेटवर्क विभागासारखे एक-दोन विभाग याला अपवाद आहेत. आता कोणत्या दोषाला कोणती पाटी मिळते ते पाहा.

ओळीच्या शेवटी एखादी मोकळी जागा राहिली, जी डोळ्यांना दिसत नाही आणि आज्ञावलीच्या अर्थात तसूभर फरक करत नाही, तर पाटी ‘एरर’. पाठवणाऱ्याची सहीच नाही, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पॅच स्वीकारताच येत नाही, तरीही पाटी तीच, ‘एरर’.

याउलट हे उदाहरण घ्या. सी भाषेत मॅक्रो नावाची सोय आहे. एका नावाच्या जागी दुसरा मजकूर शब्दशः बसवायचा, एवढेच तिचे काम. समजा कोणी लिहिले :

वर्ग(क) = क × क

आता वर्ग(५) चे उत्तर २५ येते आणि सर्व ठीक वाटते. पण कोणी वर्ग(२ + ३) असे लिहिले तर? संगणक आधी बेरीज करत नाही. ‘क’च्या जागी ‘२ + ३’ हा मजकूर जसाच्या तसा ठेवतो. मग होते २ + ३ × २ + ३. गुणाकार आधी, म्हणून २ + ६ + ३, उत्तर ११. पंचवीसच्या जागी अकरा! उपाय सोपा आहे : (क) × (क) असे कंस घालायचे. कंस सोडवण्याचा क्रम सहावीतल्या मुलांना शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. चेकपॅचला हा धोका ओळखता येतो, आणि तो तसे सांगतोही. पण कोणत्या पाटीखाली? ‘चेक’. म्हणजे सर्वांत सौम्य पाटी, आणि स्ट्रिक्ट पर्याय न दिल्यास तीही लपलेली.

अदृश्य मोकळी जागा ही चूक आणि पंचवीसचे अकरा करणारी जागा ही ‘जमल्यास पाहा’. माझा मुख्य आक्षेप हा आहे.

यावर चेकपॅचच्या बाजूने एक उत्तर आहे आणि ते वजनदार आहे. या पाट्या दोषाच्या गांभीर्याच्या नसून यंत्राच्या खात्रीच्या आहेत. ओळीच्या शेवटी मोकळी जागा आहे की नाही हे शंभर टक्के खात्रीने सांगता येते. मॅक्रोमधला ‘क’ खरोखर कधी ‘२ + ३’ होऊन येईल की नाही, हे ओळ वाचून सांगता येत नाही. कदाचित तो नेहमी साधा आकडाच असेल. ज्याची खात्री नाही त्याविषयी यंत्राने हळू बोलावे, हे बरोबर नाही का? साधनाच्या दस्तऐवजातही या तीन पातळ्यांचे वर्णन बऱ्याच अंशी असेच आहे : पहिली म्हणजे चूक असण्याची दाट शक्यता, तिसरी म्हणजे थोडा विचार करण्यासारखे काही.

मोकळ्या जागेलाही अगदीच निरुपद्रवी म्हणता येणार नाही. पॅच ई-मेलने जातात. काही ई-मेल आज्ञावली टॅबचे स्पेस करून टाकतात किंवा लांब ओळ मधेच तोडतात, आणि मग तो पॅच मूळ मजकुरावर बसतच नाही. शिवाय एकाने मोकळ्या जागा ठेवायच्या आणि दुसऱ्याने काढायच्या, यात बदलांच्या इतिहासात नुसता कचरा साठतो. पंधरा वर्षांनी ‘ही ओळ कोणी आणि का बदलली’ हे शोधणाऱ्याला तो कचरा उपसावा लागतो.

हे सर्व मान्य करूनही आक्षेप उरतो. खात्री आणि हानी या दोन वेगळ्या राशी आहेत. डॉक्टरला सर्दी झाल्याची पूर्ण खात्री असते आणि छातीतल्या दुखण्याविषयी नुसती शंका. म्हणून तो चिठ्ठीवर सर्दी मोठ्या अक्षरांत लिहून छातीचे दुखणे गाळून टाकत नाही. दोन राशी एकाच मोजपट्टीवर मोजल्या की वाचणारा त्यातून त्याला सोयीचा तो अर्थ घेतो. नवा विद्यार्थी ‘एरर’ हा शब्द वाचून ‘गंभीर’ असाच अर्थ घेणार, कारण त्याला आयुष्यभर तेच शिकवलेले आहे. शब्दाचा अर्थ दस्तऐवज ठरवत नसतो, वाचणारा ठरवतो. हे भाषेच्या शिक्षकांना सांगायला नको.

खात्रीच्या बाबतीतही हे साधन पूर्ण भरवशाचे नाही. मॅक्रोचा संपूर्ण मजकूर कंसात नसेल तर चेकपॅच ‘एरर’ म्हणतो. नियम चांगला आहे. पण काही मॅक्रो यादी किंवा घोषणा तयार करण्यासाठी असतात आणि त्यांना कंस घातला तर आज्ञावली कंपाइलच होत नाही. ओळीचे रूप पाहणाऱ्याला हा फरक कळत नाही. अशा वेळी यंत्र ठामपणे चुकीचे बोलते आणि नवखा माणूस ठामपणापुढे मान तुकवतो.

नियम आणि यंत्र यांच्या संगनमतातून काय होते याचा एक जुना धडा कर्नेलमध्येच आहे. ओळ ८० अक्षरांहून लांब नसावी हा संकेत. त्याची मुळे आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रपत्रापर्यंत जातात. त्या पत्रावर ८० स्तंभ होते. पुढे संगणकाच्या पडद्यांनीही तीच रुंदी घेतली. चेकपॅच ८० ओलांडल्यावर इशारा देऊ लागला, आणि लोक तो इशारा टाळण्यासाठी ओळी वाटेल तेथे मोडू लागले. चलांची नावे आखूड झाली, एक वाक्य तीन ओळींत विखुरले, वाचणे सोपे होण्याऐवजी अवघड झाले. शेवटी मे २०२० मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी या अट्टहासाविरुद्ध स्पष्ट मत दिले आणि जो पर्चेस यांच्या बदलाने इशाऱ्याची मर्यादा १०० वर नेली गेली. ८० ही पसंती राहिली, सक्ती गेली. संकेत वाचकासाठी होता; यंत्राने तो मोजायला घेतल्यावर लोक यंत्रासाठी लिहू लागले. गुणपत्रिकेसाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे.

नवोदितांवर याचा परिणाम सर्वांत जास्त होतो. कर्नेलमध्ये ‘स्टेजिंग’ नावाचा एक विभाग आहे. अजून दर्जाला न पोहोचलेली चालक-आज्ञावली तेथे ठेवतात. २००८ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तो सुरू केला आणि नव्या माणसाने पहिला सराव तेथे करावा अशी पद्धत पडली. पद्धत चांगली आहे. चेकपॅच चालवायचा, एक शेरा निवडायचा, दुरुस्त करायचा, पाठवायचा. पॅच कसा लिहावा, कोणाला पाठवावा, टीका कशी घ्यावी हे सारे त्यातून शिकता येते. पण पहिली पायरी हीच जिना आहे असे वाटू लागले की घोटाळा होतो. कोणी मोकळ्या जागा काढण्याचे पन्नास पॅच पाठवले, तरी तेवढ्याने त्याला कर्नेलमधले काही कळले असे होत नाही. यंत्राने ज्याला मोठ्याने चूक म्हटले, त्यातच तो रमून जातो.

गेल्या काही वर्षांत या बाबतीत एक खरी सुधारणा झाली आहे आणि तिचे मोकळेपणाने कौतुक करायला हवे. २०२१ पर्यंत चेकपॅच दोष सांगायचा, कारण सांगत नसे. त्या वर्षी ‘व्हर्बोज’ हा पर्याय आला आणि सोबत प्रत्येक शेऱ्यामागचे कारण समजावणारा दस्तऐवज तयार होऊ लागला. द्वैपायन रे आणि लुकास बुलवान यांची नावे त्या दस्तऐवजाचे देखभालकर्ते म्हणून कर्नेलच्या यादीत आहेत. आता तो पर्याय दिला की शेऱ्याखाली ‘असे का’ हेही छापले जाते. सर्व शेऱ्यांना अजून स्पष्टीकरण नाही, आणि आहे ते इंग्रजीतच. तरीही उत्तरपत्रिकेवर नुसती लाल रेघ ओढणे आणि समासात दोन शब्द लिहिणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढे हे साधन पुढे गेले. माझ्या मते त्याच्या आजवरच्या सुधारणांत ही सर्वांत मोलाची. दुर्दैव एवढेच की ज्याला स्पष्टीकरणाची गरज आहे त्या नवख्याला हा पर्याय आहे हेच माहीत नसते.

दुसरी एक सोय याच्या अगदी उलट दिशेची आहे. ‘फिक्स’ हा पर्याय दिला की चेकपॅच काही दोष स्वतःच दुरुस्त करून नवी फाइल देतो. साधनाच्या मदत-मजकुरातच बजावलेले आहे की ही सोय प्रायोगिक आहे आणि तिचे परिणाम भयंकर होऊ शकतात. नव्या फाइलीच्या नावातही ‘एक्स्पेरिमेंटल’ हा शब्द घातलेला असतो. इतका सावध इशारा देणारे साधन, शेवटच्या ओळीत मात्र सावधपणा विसरते.

ती शेवटची ओळ अशी. पॅचमध्ये काहीच दोष आढळला नाही तर चेकपॅच छापतो की या पॅचमध्ये लेखनशैलीचे उघड दोष नाहीत आणि तो सादर करण्यास तयार आहे. वाक्याचा पूर्वार्ध प्रामाणिक आहे. ‘शैलीचे’ आणि ‘उघड’ ही दोन्ही विशेषणे मोजून वापरलेली आहेत. उत्तरार्ध मात्र त्याच्या अधिकाराबाहेरचा आहे. शैलीचा दोष नाही म्हणजे पॅच तयार आहे असे नव्हे. आकाराच्या कप्प्यावर ‘गोड’ अशी पाटी लागली ती इथे.

२०१४ मधील दोन प्रसिद्ध चुका शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्ही कर्नेलमधल्या नव्हत्या, पण मुद्दा कळायला उपयोगी आहेत. फेब्रुवारीत ॲपलच्या आज्ञावलीत एक चूक उघडकीस आली. सुरक्षित जोडणीची सही तपासणाऱ्या भागात एकच ओळ दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळ समासामुळे अटीच्या आत असल्यासारखी दिसत होती. प्रत्यक्षात ती अटीबाहेर होती आणि दर वेळी पुढची तपासणी ओलांडून जात होती. ही चूक रूपावरून ओळखण्यासारखी होती. समास आणि अर्थ यांत विसंगती असेल तर इशारा देण्याची सोय जीसीसी या कंपायलरने २०१६ मध्ये केली. एप्रिलमध्ये उघड झालेली ‘हार्टब्लीड’ ही चूक मात्र निराळ्या जातीची. ओपनएसएसएल या आज्ञावलीत समोरच्या संगणकाने सांगितलेली लांबी पडताळून न पाहता तेवढी स्मृती त्याला परत पाठवली जात होती, एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत, आणि तीत गुप्त किल्ल्याही असू शकत होत्या. त्या ओळी दिसायला स्वच्छ होत्या. दोष जे लिहिले होते त्यात नव्हता, जे लिहायचे राहिले त्यात होता.

आणि हेतूच वाईट असेल तर? अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये परीक्षकांची परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम दोष असलेले पॅच कर्नेलकडे पाठवले होते. हे उजेडात आल्यावर एप्रिल २०२१ मध्ये त्या विद्यापीठाचे योगदान घेणे थांबवण्यात आले. असल्या पॅचचा समास अगदी बिनचूक असू शकतो.

खोलवर पाहणारी साधने आहेतच. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये ‘स्पार्स’ लिहिले. ज्युलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉक्सिनेल’ तयार केले. या फ्रेंच शब्दाचा अर्थ ढालकिडा. मावा खाणारा हा मित्रकीटक संत्र्याच्या बागाइतदाराला सांगावा लागत नाही. संगणकातल्या दोषाला इंग्रजीत कीडच म्हणतात, त्यावरून हे नाव. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांनी या शास्त्राच्या एका महत्त्वाच्या शाखेवर, डेटा फ्लो ॲनालिसिसवर, २००९ मध्ये इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच संस्थेत जीसीसीच्या अभ्यासासाठी केंद्र सुरू होऊन कार्यशाळा झाल्या. पुण्यात टाटांचे टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र १९८१ पासूनचे; आज्ञावली न चालवता तिचे विश्लेषण करणे हा तेथील संशोधनाचा एक विषय राहिला आहे.

या शाखेची कल्पना पाण्याच्या दाखल्याने समजते. अप्पर वर्धा धरणाच्या कालव्यात एखाद्या दारापाशी गढूळ पाणी मिसळले, तर ते कोणकोणत्या पाटांतून कोणत्या शेतांपर्यंत पोहोचू शकेल? प्रत्यक्ष पाणी न सोडता, नुसता कालव्यांचा नकाशा घेऊन हे काढता येते. आज्ञावलीत पाण्याच्या जागी मूल्ये असतात. बाहेरून आलेली, न पडताळलेली संख्या कोणत्या वाटेने कोठे पोहोचते हे नकाशावरून शोधायचे. हार्टब्लीडमधली ती लांबी म्हणजे असेच गढूळ पाणी. अशा विश्लेषणाला वेळ आणि स्मृती जास्त लागते. चेकपॅच क्षणात उत्तर देतो, कारण तो नकाशा काढतच नाही. दोघांची कामे वेगळी आहेत आणि चेकपॅचला नकाशा काढायला लावावे असे मी म्हणत नाही. त्याने आपल्या कामाची हद्द तेवढी नीट सांगावी.

ती कशी सांगता येईल? पाटी एक न ठेवता दोन ठेवाव्यात : यंत्राला खात्री किती आणि दोष खरा निघाला तर नुकसान किती. नुकसान मोठे असेल तो शेरा, खात्री कमी असली तरी, वर छापावा. मोकळ्या जागा शेवटी एकत्र करून एका ओळीत सांगाव्यात. कारणे आपोआप छापली जावीत. शेवटच्या वाक्याचा उत्तरार्ध काढून त्या जागी ‘आज्ञावली कंपाइल करून, चालवून पाहिली का?’ असा प्रश्न असावा. यावर आक्षेप येईल की जुन्या जाणत्यांना एवढा पसारा नको असतो आणि चेकपॅचच्या छापील मजकुरावर अवलंबून असलेल्या इतर आज्ञावली मोडतील. पण जाणत्यांसाठी थोडक्यात छापण्याचा ‘टर्स’ पर्याय आहे, शिवाय आपल्या आवडीचे पर्याय कायमचे लिहून ठेवण्यासाठी स्वतंत्र फाइलीची सोयही आहे. जाणत्याला एकदा ती फाइल लिहिणे जड नाही. नवख्याला काय मागावे हेच ठाऊक नसते. म्हणून न मागता मिळते ते नवख्याच्या सोयीचे असावे.

ज्या शाळा-महाविद्यालयांत लिनक्स आहे तेथे हे करून पाहता येईल. लिनक्सचे प्राथमिक धडे मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरिअल प्रकल्पातून मराठीतही मिळतात. वरिष्ठ विद्यार्थ्यांना स्टेजिंग विभागातील एक फाइल द्यावी. चेकपॅच प्रथम नुसता चालवावा, मग स्ट्रिक्ट आणि व्हर्बोज हे दोन्ही पर्याय देऊन. दोन्ही वेळचे शेरे कागदावर उतरवून प्रत्येकापुढे दोन आकडे लिहायला सांगावेत, खात्रीचा आणि नुकसानीचा. गटागटांचे आकडे जुळणार नाहीत. तेथे त्यांना वाद घालू द्यावा, आणि ज्या शेऱ्यावर वाद मिटणार नाही त्या जागेची आज्ञावली उघडून, वर्ग(२ + ३) प्रमाणे, हाताने सोडवून पाहायला सांगावे.